बालवयातील रक्ताचा कर्करोग आणि अदृश्य स्थानांतरण : एक ऐतिहासिक मागोवा

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये त्जिओ व लेव्हान यांनी निश्चित केले. चारच वर्षांनी नॉवेल व हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन रक्तकर्करोगात एक आखूड गुणसूत्र आढळले. तेच पुढे 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणून ओळखले गेले. १९७० नंतर पट्टरंजनाचे तंत्र विकसित झाले आणि १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी हा बदल ९ व २२ या गुणसूत्रांमधील तुकड्यांच्या अदलाबदलीचा असल्याचे दाखविले. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते तेच सत्य, असा विश्वास बळावला.

बालवयातील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाने मात्र या विश्वासाला छेद दिला. अनेक बालकांची गुणसूत्रे तपासणीत निर्दोष दिसत, आणि त्यांच्या आजाराच्या जनुकीय स्वरूपाविषयी चिकित्सकास फारसे काही सांगता येत नसे.

१९९४ मध्ये पॅरिस येथील रोलाँ बर्जे यांच्या प्रयोगशाळेतील रोमाना व सहकाऱ्यांनी गुणसूत्रांवर चमकणाऱ्या रंगांचे विशिष्ट शोधक वापरले, म्हणजेच 'फिश' तंत्राचा अवलंब केला. तेव्हा १२ व २१ या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल उघड झाली. अदलाबदल झालेले तुकडे आकाराने जवळपास सारखे आणि रंजनात फिकटच दिसणारे. त्यामुळे पट्ट्यांचा क्रम बिघडल्याचे लक्षातच येत नव्हते. दोष निरीक्षकाच्या नजरेचा नव्हता, साधनाचा होता. १९९५ मध्ये गोलब व सहकाऱ्यांनी, तसेच पॅरिसच्या गटाने, या ठिकाणी टेल व एएमएल-१ ही जनुके जोडली जातात हे सिद्ध केले. पूर्वी जवळजवळ न दिसलेला हा बदल पाश्चात्त्य देशांतील बी-पूर्वज प्रकारच्या सुमारे एक चतुर्थांश बालरुग्णांत निघाला! भारतीय रुग्णांच्या काही अभ्यासांत हे प्रमाण कमी आढळले आहे. अशा रुग्णांचा उपचारांना प्रतिसाद सामान्यतः चांगला असतो. म्हणूनच धोक्याच्या वर्गवारीत या तपासणीला स्थान मिळाले. काही बालकांत रोग उशिरा उलटतो, हेही नोंदविले गेले आहे.

१९९९ मध्ये ग्रीव्ह्ज यांच्या गटाने नवजात अर्भकांच्या जपून ठेवलेल्या रक्तठिपक्यांत, पुढे आजारी पडलेल्या बालकांचा हाच जोड शोधून काढला. तो जन्मापूर्वीच निर्माण झालेला होता. मात्र हा जोड असलेली बहुतेक बालके कधीच आजारी पडत नाहीत. रोगासाठी पुढील जनुकीय बदल घडावे लागतात, आणि पुष्कळदा उरलेले निरोगी टेल जनुकही गळून पडते.