तिसरा मजला

‘हात गेला की मुंबई संपली,’ असं माझी आजी म्हणायची. हे ती तिच्या चुलतसासऱ्यांबद्दल सांगे. ते गिरणीत साच्यावर होते. एका रात्रपाळीला हात पट्ट्यात सापडला आणि कोपरापासून खाली गेला. कामगार नुकसानभरपाईचा १९२३चा कायदा तोवर आलेला होता. थोडी रक्कम हातावर पडली. मग गाववाल्यांनी त्यांना भाऊच्या धक्क्यावर नेऊन कोकणच्या बोटीत बसवून दिलं. गावकऱ्यांच्या खोलीत माणसं पाळीपाळीने झोपत. तिथली वळकटी ठेवण्यापुरती जागासुद्धा कमावत्याची. ते परत मुंबईला आले नाहीत.

आमचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे दोनशेच्या वर चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. लिफ्ट नाही. जिना चढता येणारा, उकिडवं बसता येणारा, पाळीला जाणारा गडी धरून ही घरं आखली होती. अपंग माणसं असतात हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना काम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्येच सुरू झाली होती. सैनिकाचा विचार झाला, गिरणीतल्या माणसाचा झाला नाही. मला हे चुकून राहिलेलं वाटत नाही. हात-पाय गमावलेल्याची सोय गाव करील, असं शहराने गृहीत धरलं होतं.

आत्याच्या वेळी मात्र गावाला पाठवायचं नाही, असं आजीने ठरवलं. आत्याला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय लुळे पडले. लस तेव्हा आपल्याकडे नव्हती. हाजी अलीला १९५५ मध्ये अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्रीय संस्था सुरू झाली होती, तिथे तिला कॅलिपर मिळाले. कुबड्यांवर ती सपाट फरशीवर चांगली चालायची. पण जिन्याला एकाच बाजूने कठडा, पायऱ्या मधे झिजलेल्या. शाळेत जाताना आजोबा पाठुंगळी घेत. त्यांची पहिली पाळी असली की पॅसेजमधला कुणीतरी मुलगा घेई. गणपतीला, मतदानाला, डोहाळजेवणाला तिला खुर्चीत बसवून चौघं खाली उतरवत. याच्या आठवणी चाळीतली माणसं अजून अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खरा आहे. आत्या सांगते ते वेगळं. कुणाला पुन्हा हाक मारायला नको म्हणून ती पुष्कळदा ‘मला नाही यायचं’ म्हणायची.

संडास पॅसेजच्या टोकाला. आजीने सुताराकडून एका स्टुलाला मधोमध भोक पाडून घेतलं होतं; ते आधी नेऊन ठेवायचं, मग आत्याने जायचं. बाहेर रांग असली की तिला घाई व्हायची. म्हणून दुपारी चारनंतर ती पाणी प्यायची नाही. ही सवय पुढे आयुष्यभर राहिली. घर कसं बांधलंय याचा हिशेब माणसाचं शरीर असा चुकवतं.

तळमजल्यावरची खोली अदलाबदलीने मिळावी म्हणून आजोबांनी अर्ज केले. तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं.

तरतूद यायला आत्याची पन्नाशी जवळ यावी लागली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात घरासाठी सवलतीच्या दराने जमीन देण्याची योजना होती. २०१६च्या कायद्याने गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण ठेवलं आणि सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीचा नकाशा मंजूर करू नये, असं बजावलं. पण तपशिलाचे मापदंड बरेचसे शिफारशीवजाच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक करायला सांगितलं.

आरक्षणाने घराची चावी मिळते. दारातून आत जाता येईलच असं नाही. एक फूट चढायला बारा फूट रॅम्प लागतो. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस. इतकी जागा कोण सोडतो? मग स्कूटर चढेल असा उभा उतार बांधून त्यालाच रॅम्प म्हणतात. जुन्या सोसायटीत मागून बसवलेली लिफ्ट पुष्कळदा दोन मजल्यांच्या मधल्या चौकात थांबते आणि पुढच्या आठ-दहा पायऱ्या तशाच राहतात. व्हीलचेअर घेऊन सहज ये-जा करायला दार तीन फुटी हवं. बाथरूमचं दार दोन-अडीच फुटीच असतं. नकाशावर ही रेघ सहा इंच सरकवायला जवळजवळ काही पडत नाही. बांधून झाल्यावर भिंत फोडावी लागते.

आता चाळी पडताहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००, संडास घरात, वर जायला लिफ्ट. आत्यासारख्या कितीजणींनी याची वाट पाहिली असेल! मला याचा मनापासून आनंद आहे. काळजीही आहे. लिफ्ट बंद पडली तर विसाव्या मजल्यावरून पाठुंगळी घेऊन कुणी उतरणार नाही.

मुंबईत, पुण्यात, ठाण्यात सध्या शेकडो सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तुमचीही असेल. सर्वसाधारण सभेत नकाशा येईल तेव्हा चटईक्षेत्राचा आकडा विचाराच, पण त्याच्याआधी तीन गोष्टी विचारा: बाथरूमचं दार किती रुंद, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी आहे का, आणि वीज गेली तर लिफ्ट कशावर चालेल. उत्तर लेखी घ्या. सही त्यानंतर करा.