लाउनाच्या माळवदाची कुळकथा

स्पेनच्या दक्षिणेला ग्रानादा शहराच्या पाठीशी सिएरा नेवादाची रांग उभी आहे. मुलासेन हे तिचं सर्वांत उंच शिखर, सुमारे ३,४८० मीटरचं. या रांगेच्या दक्षिण उतारावरच्या दऱ्याखोऱ्यांना आल्पुहारा म्हणतात. तिथे पोकेइरा नदीच्या खोल घळीच्या कडेने पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावं चढत गेली आहेत. सर्वांत खालचं हजारेक मीटरवर, तर वरचं चौदाशेच्याही पुढे. समोरच्या वाटेवरून पाहिलं तर चुन्याने पांढरीफेक केलेली घरं तेवढी नजरेत भरतात, आणि येणारे-जाणारे या पांढऱ्या रंगालाच मूरांचा, म्हणजे इथल्या जुन्या मुसलमान रहिवाशांचा, वारसा समजतात.

पण हा रंग तसा अलीकडचा आहे. इंग्रज लेखक जेराल्ड ब्रेनन १९२० मध्ये याच भागातल्या येहेन गावी राहायला गेला. त्याने वर्णन केलेली घरं राखाडी आहेत, खोक्यांसारखी, एकमेकांना चिकटून उतरत गेलेली. दगडमातीची भिंत होती तशीच उघडी ठेवायची रीत होती. एकोणिसाव्या शतकातल्या साथींच्या धास्तीने दक्षिण स्पेनमध्ये चुना मारण्याची चाल फोफावली आणि डोंगरातल्या गरीब गावांपर्यंत ती उशिरा पोचली. मूरांचं खरं देणं पाहायचं तर नजर भिंतीवरून आणखी वर न्यायला हवी. तिथे मातीचं सपाट छप्पर आहे. मराठवाड्यात, सोलापुराकडे ज्याला माळवद म्हणतात आणि खानदेशात धाबं, त्याच जातीचं.

पडक्या घरापाशी थांबलं की या छपराचा उभा छेद पाहायला मिळतो. खाली चेस्टनटच्या लाकडाच्या जाड तुळया, फारशा न तासलेल्या, कुठे कुठे झाडाचा मूळ बाक तसाच राखलेल्या. त्यांवर आडव्या फळ्या किंवा काठ्या जवळजवळ मांडलेल्या. त्यावर स्लेटच्या पातळ फरश्या, ज्या तिथल्या डोंगरात मुबलक निघतात. आणि सर्वांत वर लाउना. लाउना म्हणजे स्लेटसारखा खडक कुजून, झिजून झालेली निळसर-करडी माती. ती ओढ्याकाठच्या दरडींतून खणून आणतात. हातात घेतली तर भुसभुशीत, कपची कपची लागते. चिखल म्हणून ती कुणाच्या मनातही येणार नाही. ती कोरडीच पसरतात, साधारण वीतभर जाडीची, आणि दाबून बसवतात. पहिला पाऊस पडला की ती फुगते, तिच्या कपच्या एकमेकींत घट्ट बसतात आणि पाणी वरच्या वर निघून जातं. छपराच्या कडेने स्लेटच्या फरश्या भिंतीच्या बाहेर काढून त्यांवर दगड ठेवलेले असतात, म्हणजे वाऱ्यापावसाने माती वाहून जाऊ नये. लाउना अमावास्येकडे झुकणाऱ्या पंधरवड्यातच घालायची, असा गावकऱ्यांचा दंडक होता. ब्रेननने तो नोंदवून ठेवला आहे.

घराची सगळी मांडणी या छपरावरून ठरते. तुळई जेवढी लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट. ओल्या मातीचं वजन पेलायचं म्हणून भिंती हातभर जाड. जागा वाढवायची तर बाजूला वाव नाही, मग गल्लीवरूनच तुळया टाकून समोरच्या घराला जोडून घ्यायचं. अशा छत असलेल्या गल्लीला तिनाओ म्हणतात. पाम्पानेइरात भर दुपारी अशा तिनाओखालून जाताना मान वर केली, की वरच्या खोलीचा पाया असलेल्या तुळया हाताच्या अंतरावर दिसतात. उतारच इतका की खालच्या घराचं माळवद वरच्या गल्लीच्या पातळीला येतं. शरदात त्यावर मिरच्या, अंजिरं, मक्याची कणसं वाळत पडलेली असायची, बायका तिथेच निवडणं-टिपणं करायच्या. आत जायच्या आधी गाव माळवदावर जगायचं.

याचं कूळ कुठलं? उत्तर आफ्रिकेतल्या ॲटलास पर्वतातली बर्बर लोकांची गावं पाहिली की तीच चौकोनी घरं, तीच मातीची सपाट छपरं, तीच उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची रचना दिसते. मुस्लिम राजवटीच्या काळात बर्बर लोक मोठ्या संख्येने आल्पुहारात वसले, म्हणून हे तंत्र त्यांनी आणलं असं बहुतेक जाणकार मानतात. दुसरं एक मतही आहे. स्पेनच्या याच आग्नेय कोपऱ्यात कांस्ययुगात, आजपासून साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी, एल आर्गारची संस्कृती नांदत होती आणि तिथल्या घरांवरही मातीचीच सपाट छपरं असावीत. मला दोन्ही मतांत भांडण दिसत नाही. कोरड्या मुलखात, लाकूड जपून वापरणाऱ्या माणसांना हा उपाय एकापेक्षा जास्त वेळा सुचू शकतो. पण आज उभ्या असलेल्या गावांची आखणी, पाण्याचे पाट, पायऱ्यांची शेतं आणि त्यांना धरून असलेली ही घरं यांची घडी आल्पुहारातल्या मुसलमान शेतकऱ्यांनीच बसवली, आणि तिचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

कारण त्यांना नंतर तिथे राहू दिलं गेलं नाही. २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. शेवटचा मुसलमान राजा बोआब्दिल याला आल्पुहारात जहागीर मिळाली, पण दोन वर्षांच्या आत तो समुद्रापलीकडे फेझला निघून गेला. शरणागतीच्या तहात धर्म पाळू देण्याचं वचन होतं. दहा वर्षांच्या आत सक्तीची धर्मांतरं झाली. बाटवलेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्यांची अरबी भाषा, पेहराव, हमामखाने या सगळ्यांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री बंड पेटलं. वालोरचा एक तरुण सरदार आबेन उमेया या नावाने राजा झाला आणि वर्ष उलटायच्या आत आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला. १५७१ पर्यंत बंड मोडून काढलं होतं. ग्रानादाच्या राज्यातून सुमारे ८०,००० मोरिस्कोंना हिवाळ्यात पायी हाकलून कास्तीयात आणि इतर प्रांतांत विखुरलं. वाटेतच कितीतरी मेले. या डोंगरात फिरताना माझं मन पुनःपुन्हा तिथे अडकतं: ज्यांनी ही घरं बांधली त्यांच्या नातवंडांना त्यांच्या सावलीतही उभं राहता आलं नाही.

रिकाम्या गावांत राजाने नवी माणसं वसवली. सुमारे १२,५०० कुटुंबं आणायचं ठरलं. ती गालिसिया, लेओन, कास्तीया, आंदालुसियाचा सखल भाग अशा ठिकाणांहून आली. घरं, जमिनी, पाण्याच्या पाळ्या मोजून त्यांच्या वह्या तयार झाल्या. यातल्या कित्येकांच्या मूळ गावी पाख्यांची उतरती छपरं होती. तरीही ते मोरिस्कोंच्या माळवदाखाली राहिले, आणि नवं घर बांधताना त्यांनीही माळवदच घातलं. प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं नव्यांना पाण्याची रीत शिकवायला मागे ठेवली होती, अशी आख्यायिका तिथे सांगतात. ती खरी असो वा नसो, छपराने मात्र नव्यांना आपोआप वळण लावलं. कौलं भाजायची तर भट्टी हवी आणि भट्टीला सरपण. लाउना गावाबाहेरच्या दरडीत फुकट होती. कौलांचं उतरतं छप्पर शतकानुशतकं बहुधा एकाच इमारतीवर दिसे: मशिदीच्या जागी उभारलेल्या चर्चवर.

साडेतीनशेहून अधिक वर्षं हे असंच चाललं. खरा धक्का विसाव्या शतकाच्या मध्यावर बसला. तरुण मंडळी बार्सिलोनाला, जर्मनीला कामासाठी गेली आणि घरं बंद पडली. माळवदाला माणूस लागतो. दर वर्षी उगवलेलं गवत उपटायचं, बर्फ फावड्याने ढकलायचं, जिथे माती धुपली तिथे नवी लाउना टाकायची. दोन-चार हिवाळे हे चुकलं की पाणी मुरतं, तुळई कुजते आणि एके दिवशी सगळा भार खाली येतो. जे गावात राहिले त्यांच्यातल्या अनेकांनी सिमेंटचे पत्रे टाकले किंवा स्लॅब ओतली. त्यांना दोष देता येत नाही. गळणाऱ्या छपराखाली बर्फाची रात्र त्यांनीच काढली होती.

१९८२ मध्ये पोकेइराची घळ संरक्षित ऐतिहासिक परिसर ठरली. आता घर दुरुस्त करताना बाहेरून दिसणारं रूप राखावं लागतं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खाली काँक्रीट, मध्ये प्लास्टिकचा कागद आणि वर शोभेपुरती लाउना अशी तडजोड झाली आहे. हे न गळणारं आहे, पण ते माळवद नव्हे. तुळईच्या लांबीचं बंधन सुटलं, खोल्या रुंद झाल्या, आणि घराचं जुनं माप हरवलं. संरक्षणाचे नियम भिंतींच्या रंगापेक्षा छपराच्या आतल्या थरांकडे वळले असते, लाउना घालणाऱ्या हातांना काम मिळालं असतं, तर अधिक काही टिकलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

जुनं घर आतून पाहायचं असेल तर बुबिओनमध्ये चर्चजवळ एक घर संग्रहालय म्हणून राखलेलं आहे. भांडी, चूल, औतं सगळं जागच्या जागी आहे. तिथे गेलात तर सामानाच्या आधी आढ्याकडे पाहा: तुळया, आडव्या काठ्या, स्लेट, असा क्रम खालूनच मोजता येतो.