दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांचा प्रथिनाहार

नैसर्गिक परिस्थितीत डुकराचे पिलू आईचे दूध हळूहळू, सु. तीन ते चार महिन्यांत सोडते. पाळीव डुकरांत ते एकाएकी तोडले जाते. दूध पचविण्यास योग्य अशा त्याच्या आतड्यात धान्य व पेंड पचविणारी एंझाइमे त्या वेळी पुरेशी नसतात. पिलू नीट खात नाही, लघ्वांत्रातील रसांकुर आखूड होतात, न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंचे खाद्य होतात आणि हगवण लागून पिलू दगावू शकते. त्यामुळे प्रथिने किती याइतकेच ती कोणत्या पदार्थातून येतात यालाही महत्त्व आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिले सामान्यतः आठ आठवड्यांची झाल्यावर तोडीत. डेन्मार्कमध्ये १८८२ पासून निघालेल्या सहकारी दुग्धालयांतून साय काढलेले दूध शेतकऱ्यांना परत मिळे व ते डुकरांना घालीत. केवळ वनस्पतिज आहारावरील पिलांची वाढ मागे पडे. प्राणिज खाद्यात एखादा अज्ञात घटक असावा, असे मानले जाई. १९४८ मध्ये ब१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आल्यावर याचा बराचसा उलगडा झाला.

सोयाबीन उष्णतेने अधिक पोषक होते, हे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखविले होते. त्यातील ट्रिप्सीनरोधक प्रथिन कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळविले. भाजलेल्या पेंडीत हा दोष उरत नाही. तृणधान्यांत कमी असलेले लायसीन हे ॲमिनो अम्ल तीत भरपूर असल्याने ती डुकरांचे मुख्य प्रथिनखाद्य बनली. लहान पिलांसाठी मात्र मासळीचे कूट व दुधाची भुकटी यांवर भिस्त राहिली. १९७२ मध्ये पेरूची अँकोव्ही मासेमारी कोसळून कुटाची टंचाई झाली आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ निर्बंध घातले. एकाच पदार्थावर विसंबण्याचा धोका यावरून स्पष्ट झाला.

पुढे पिले तीन-चार आठवड्यांतच तोडण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा नवा प्रश्न उद्भवला. सोयाबीनमधील ग्लायसिनीन व बीटा-काँग्लायसिनीन ही प्रथिने नेहमीच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत व कोवळ्या पिलांत प्रतिजन म्हणून आतड्याला इजा करतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खत्तलखान्यातील रक्तापासून फवारा-शुष्कनाने केलेली रक्तद्रवाची भुकटी वापरण्यात येऊ लागली. तिच्यातील प्रतिपिंडे आतड्याचे रक्षण करतात आणि पिलू अधिक खाते. अस्वच्छ गोठ्यात हा फायदा विशेष दिसतो. दोन आठवड्यांनंतर तो ओसरू लागतो. भुकटी महाग असल्याने ती थोडे दिवसच देतात आणि मग सोयापेंडीचे प्रमाण क्रमाने वाढवितात.

गायींतील मेंदूच्या रोगामुळे यूरोपीय संघाने २००१ पासून पाळीव जनावरांना प्राणिज प्रथिने देण्यास मनाई केली. डुकरांसाठी मासळीचे कूट मात्र चालू राहिले. २०२१ मध्ये डुकरांच्या खाद्यात कोंबड्यांपासूनच्या व कीटकांच्या प्रथिनांस मुभा मिळाली. वाढीसाठी प्रतिजैव पदार्थांचा वापर तेथे २००६ मध्ये आणि हगवणीवरील झिंक ऑक्साइडाचा औषधी वापर २०२२ मध्ये थांबला. या दोन्हींनी निकृष्ट प्रथिनांचे दुष्परिणाम झाकले जात. यामुळे एकूण प्रथिने कमी ठेवून लायसीनासारखी ॲमिनो अम्ले वेगळी मिसळण्याकडे कल वाढला आहे. तथापि पिलू जितक्या लवकर तोडावे, तितके त्याचे खाद्य दुधाच्या जवळचे व महाग असावे लागते, हा अनुभव कायम आहे.