सागरी कासव-संरक्षण, महाराष्ट्रातील

कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येणाऱ्या सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण, तसेच जाळ्यांत सापडून जखमी झालेल्या कासवांवर उपचार करून त्यांना पुन्हा समुद्रात सोडण्याचे कार्य. महाराष्ट्रात या कार्याचा संघटित इतिहास २००२ पासून सुरू होतो. प्रारंभी ते शासकीय योजना म्हणून नव्हे, तर एका स्वयंसेवी संस्थेच्या व किनाऱ्यावरील ग्रामस्थांच्या पुढाकाराने उभे राहिले, ही त्याची लक्षणीय बाब होय.

शिरपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या भागातील वाचकास परिचित असते ते नदीच्या डोहातील किंवा पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत सोडलेले कासव. संकट येताच ते डोके व पाय कवचाखाली ओढून घेते. सागरी कासवास हे जमत नाही. त्याच्या पायांचे वल्ह्यांसारख्या अवयवांत रूपांतर झालेले असून ते व डोके कवचाबाहेरच राहतात. पाण्यात चपळ असलेला हा प्राणी वाळूवर मात्र अगदी असहाय असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने वीण होते ती ऑलिव्ह रिडले (लेपिडोकेलिस ऑलिव्हेशिया) या जातीची. हिरवे कासव, चोचीचे कासव (हॉक्सबिल) व चामडी पाठीचे कासव (लेदरबॅक) या जातीही अरबी समुद्रात आढळतात. ऑलिव्ह रिडलेच्या कवचाची लांबी सु. ६० ते ७० सेंमी. भरते. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सु. दीड फूट खोल, घागरीच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून समुद्रात परतते. पिलांशी तिचा पुन्हा संबंध येत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात व क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने पाण्याकडे जातात. हजार पिलांमागे एखादेच प्रौढावस्थेस पोहोचत असावे, असा अंदाज केला जातो.

कायद्याने या प्राण्यास बरेच आधी संरक्षण मिळाले होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व पुढे सागरी कासवांचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. ओडिशातील गहिरमाथा येथील सामूहिक विणीकडे १९७४ मध्ये शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. मद्रासच्या किनाऱ्यावर त्याच दशकात हौशी निसर्गप्रेमी रात्री वाळूतून चालत अंडी शोधू लागले होते. तेथील विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये याच कार्यासाठी स्वतंत्र संघटना काढली. गोव्यात मोरजी येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरट्यांचे रक्षण सुरू झाले. या काळात कोकणातील विणीची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही. येथे हजारोंच्या संख्येने मादया येत नाहीत. एखाद्या रात्री एखादी येते आणि जाते. तिची वाट ज्यांना ठाऊक होती, ते अंडी काढून नेणारे गावकरीच होते. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात जोडणारा समाज वाळूतल्या कासवाची अंडी बिनदिक्कत खात व विकत होता. यात त्याला काही विसंगती वाटत नसे, आणि कायदा त्याच्या कानावर क्वचितच आलेला असे.

वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) हे बाणकोटजवळचे गाव पूर्वी ओळखले जाई ते नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्र-गरुडाची घरटी पाहण्यासाठी येथे आले असता त्यांना वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने त्याच हंगामात रक्षणाचे काम हाती घेतले. पहिल्या हंगामात ५० घरटी राखण्यात येऊन २,७३४ पिले समुद्रात सोडण्यात आली. म्हणजे घरट्यामागे सरासरी पंचावन्नच्या आसपास पिले. घरट्यात शंभरावर अंडी असतात हे लक्षात घेता हे प्रमाण सुमारे निम्मे भरते. पूर्वी मात्र माणसांच्या व कुत्र्या-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटणारी घरटी अगदी थोडी असत.

संस्थेचे खरे यश या आकड्यांपेक्षा तिने निवडलेल्या माणसांत आहे. वाळूवरील माग ओळखणे, काठी खुपसून तिच्या मऊपणावरून घरटे नेमके कोठे आहे हे जाणणे, ही विद्या अंडी काढणाऱ्यांची होती. गावातीलच माणसांना मानधन देऊन तीच विद्या राखणीस लावण्यात आली. पुढे त्यांना ‘कासवमित्र’ हे नाव रूढ झाले. कासवमित्र पहाटेपूर्वी किनारा पायी पालथा घालतो. सापडलेली अंडी तो अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागेत त्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतो व तारखेची पाटी लावतो. हे स्थलांतर काही तासांतच उरकावे लागते. नंतर गर्भ कवचाच्या आतील पटलास चिकटत असल्याने अंडे उलटेसुलटे झाल्यास गर्भ मरतो. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. हंगामभर दररोज करावयाचे हे काम कष्टाचे आहे, आणि त्याचा उल्लेख वर्तमानपत्री वृत्तांतांत अभावानेच होतो.

२००६ पासून वेळास येथे कासव महोत्सव भरू लागला. गावात हॉटेल नसल्याने पाहुण्यांची सोय घरोघरी होऊ लागली, त्यातून घरातील स्त्रियांच्या हाती पैसा आला आणि जिवंत कासव अंड्यांच्या विक्रीपेक्षा अधिक लाभाचे ठरले. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांत हे काम पसरले आणि त्याची सूत्रे क्रमशः वनविभागाकडे गेली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाल्यावर त्याची व त्याच्याशी संलग्न प्रतिष्ठानाची जोड मिळाली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या कासव या चित्रपटास २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याने हा विषय शहरी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला. पर्यटनाची दुसरी बाजूही आहे. किनाऱ्यावरील दिव्यांमुळे पिलांची दिशाभूल होते आणि गर्दीत ती हाताळण्याचा मोह अनावर होतो. पिले काही पाहुण्यांच्या सुटीचे वेळापत्रक पाहून निघत नाहीत. रित्या हाती परतणाऱ्या पाहुण्याची समजूत घालणे हेही कासवमित्राच्याच वाट्यास येते.

मुंबईत वर्सोवा येथे ऑक्टोबर २०१५ पासून नागरिकांनी आठवड्यागणिक श्रमदान करून किनाऱ्यावरील कचऱ्याचे थर हटविले. मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडलेची पिले आढळली. अनेक वर्षांत अशी घटना तेथे घडलेली नव्हती.

जखमी कासवांचा प्रश्न वेगळा व अधिक अवघड आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की टाकून दिलेल्या जाळ्यांत गुरफटलेली कासवे किनाऱ्यास लागतात. नायलॉनचा दोर रुतून त्यांचा पुढचा पाय तुटलेला वा कुजलेला असतो. पालघर जिल्ह्यात डहाणू येथे वनविभाग व स्थानिक प्राणिमित्र संस्था यांच्या सहकार्याने चालविण्यात आलेल्या उपचारकेंद्रात अशा कासवांची शुश्रूषा होत आली आहे. फुप्फुसाच्या विकाराने किंवा शरीरात वायू साठल्याने काही कासवांना बुडी मारता येत नाही व ती तरंगत राहतात. अशा कासवास दयाबुद्धीने तत्काळ पाण्यात ढकलणे हे हिताचे नसते. थकलेले जनावर पुढच्या लाटेबरोबर पुन्हा वाळूवर येते. ते सावलीत ठेवून वनविभागास कळविणे हाच योग्य मार्ग. एक पाय गमावलेली कासवे पोहू शकतात व त्यांना सोडता येते. दोन्ही पुढचे पाय गेल्यास सुटकेची आशा फारशी उरत नाही. कासव जिवंत सोडण्यासाठी कोळ्यास महागडे जाळे कापावे लागते. ही झीज एकट्या त्याने सोसावी हे न्याय्य नसल्याने राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये कापलेल्या जाळ्यासाठी कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना मंजूर केली.

अंडी हलविण्याच्या पद्धतीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पिलांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापल्यास माद्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे उघड्यावरील कुंपणात सर्व अंडी एकत्र पुरणे धोक्याचे ठरू शकते. जेथे राखण शक्य आहे तेथे घरटे मूळ जागीच राहू द्यावे, हे मत प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते. मात्र किनारा खचत असलेल्या गावी तसे करता येत नाही.

कोकणातील माद्या विणीनंतर कोठे जातात, हे २०२२ पर्यंत अज्ञात होते. त्या वर्षी भारतीय वन्यजीव संस्था व कांदळवन प्रतिष्ठान यांनी पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-प्रेषक बसविले. वेळास येथील पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. २०२३ मध्ये गुहागर येथून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. याच्या उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला आढळला. तो २०२१ मध्ये, सु. ३,५०० किमी. दूर, ओडिशाच्या किनाऱ्यावर बसविण्यात आला होता. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे समूह परस्परांपासून अलग आहेत, या समजुतीचा फेरविचार त्यामुळे करावा लागत आहे.