महाराज शिकले वाड्यात, प्रजेला मात्र शाळेची सक्ती

सक्तीच्या शिक्षणाचा विषय निघाला की बडोद्याचा मराठी माणूस जरा ताठ बसतो. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग, १९०६ साली सबंध संस्थानात कायदा, मुलगे ७ ते १२ आणि मुली ७ ते १०, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. मात्र हा कायदा करणारे सयाजीराव महाराज स्वतः चारचौघांच्या शाळेत शिकलेले नव्हते, ही गोष्ट आपण सहसा त्याला जोडून सांगत नाही.

हे आठवायचे कारण असे की, अलीकडे मुलांना घरीच शिकवणारे काही पालक आमच्या मंडळाकडे चौकशी करतात. आपल्या लोकांत पूर्वी घरी शिकवायचे ना? मग कायदा काय म्हणायचा, आणि आज काय म्हणतो? कागद कोणते जपायचे? मी वकील नाही, जुनी दप्तरे चाळणारा माणूस आहे. तेव्हा दप्तराच्या बाजूनेच सांगतो.

१८७५ च्या मे महिन्यात कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळराव दत्तक होऊन गादीवर आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढची सहा वर्षे त्याची शाळा वाड्यातच भरली. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक, आणि शिकायला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा. शेवटी १८८१ साली दिवाण सर टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली, म्हणून आज आपल्याला नेमके कळते की या विद्यार्थ्याला काय शिकवले गेले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला महाराजांनी कारभार हाती घेतला. घरी शिकलेल्या मुलाची इतकी चांगली नोंद आपल्या इतिहासात क्वचितच सापडते. राजा होता म्हणून राहिली, हे खरंच.

बरं, प्रजेचे काय? सक्ती करायची म्हणजे आधी यादी हवी. गावात सात वर्षांची पोरे किती, कोणाची, कोण शाळेत येते, कोण नाही, हे कागदावर आल्याशिवाय दंड तरी कोणाला करणार? माझ्या मते बडोद्याच्या कायद्याचे खरे काम शिक्षकाइतकेच यादी करणाऱ्याचे होते. न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. त्या दंडावर पुष्कळ टीका झाली, आणि गरीब शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती अगदीच चूक म्हणता येत नाही.

बडोद्याचा दाखला देत गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. वर्षभराने ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्यांच्यासमोर नमुना होता इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याचा. त्या कायद्यात मूल शाळेत न पाठवण्याची ‘रास्त कारणे’ दिली आहेत: आजारपण, तीन मैलांच्या आत शाळा नसणे, आणि सगळ्यात आधी, मुलाला अन्य रीतीने पुरेसे शिक्षण मिळत असणे. घरच्या शिक्षणाला कायद्याने उघडी ठेवलेली वाट ती हीच. आपल्याकडे १९६० च्या दिल्लीच्या प्राथमिक शिक्षण कायद्यातही ती आहे. फक्त ते शिक्षण समाधानकारक असल्याचे सरकारने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे. म्हणजे पुन्हा कागद आलाच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र ही वाट दिसत नाही. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य, असे कलम १० म्हणते. घरी शिकवण्याची सवलत नाही, तशी स्पष्ट बंदीही नाही, आणि पालकाला दंड नाही. गंमत पाहा, या कायद्यातली ‘सक्ती’ सरकारवर आहे. बडोद्यात ती बापावर होती. यादी मात्र तशीच राहिली: १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे कलम ९ प्रमाणे स्थानिक संस्थेचे काम आहे. उद्या मूल शाळेत घालायचे ठरलेच, तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार वर्ग मिळू शकतो. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी आहे, तिला वय किमान १४ लागते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्याही तिथे आहेत.

आता कागद. शाळेतल्या मुलासाठी जनरल रजिस्टर आपोआप भरले जाते: नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण. आजोबांची एल.सी. मिळवायला आजही लोक जुन्या शाळांत चकरा मारतात, कारण जातीपासून जन्मगावापर्यंत सगळे त्या एका ओळीत असते. घरी शिकणाऱ्या मुलाची ती ओळ घरच्यांनाच लिहावी लागणार. जन्मदाखला तर हवाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागणार आहे. शिवाय रोज काय शिकवले त्याची तारखेसह वही, वाचलेल्या पुस्तकांची यादी, मुलाच्या हातचे लेखन दर महिन्याला थोडे, बाहेर दिलेल्या परीक्षांचे निकाल, लसीकरणाचे कार्ड. तारीख नसलेली वही दहा वर्षांनी पुरावा म्हणून कोणाला दाखवणार? कायदा हे सगळे मागतो असे मी म्हणत नाही. मागितले तर दाखवायला हवे, एवढेच.

दप्तर चाळताना मला नेहमी टोचते ती गोष्ट वेगळी आहे. वाड्यांतून, घरांतून वडिलांपाशी किंवा नवऱ्यापाशी अक्षरे गिरवलेल्या आपल्या कितीतरी बायका कुठल्याच रजिस्टरात नाहीत. पत्रे सुरेख लिहायच्या, हिशोब ठेवायच्या, पण शिकल्या कधी, किती, कोणापाशी, याचा कागद नाही. शाळेत गेलेल्या त्यांच्या भावाचे नाव मात्र पहिलीपासून सापडते.

कोणाच्या घरी आजी-पणजीच्या अशा वह्या असतील, मोडी असो की बाळबोध, तर बैठकीला घेऊन या. मूळ वही घरीच राहील, आम्ही फक्त फोटो काढून घेऊ. पहिल्या पानावर नाव आणि साल असेल तर फारच बरे.