आळे येथील रेडा आणि बिनेची मोजपट्टी

जुन्नर तालुक्यात, पुणे–नाशिक रस्त्यावरील आळेफाट्यापासून जवळच आळे हे गाव आहे. तेथे एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदवले, तोच हा रेडा. भावंडांच्या सोबत येताना त्याने येथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) ही कथा घरोघर पोहोचली. चमत्काराच्या खरेखोटेपणात आम्हांला येथे शिरायचे नाही. आमचे कुतूहल वेगळे आहे. मराठीत मठ्ठ विद्यार्थ्याला ‘रेडा’ म्हणण्याची चाल असताना याच भाषेने एका रेड्याला वेदपाठी ठरवावे, यात बुद्धीविषयीचा कोणता विचार दडला आहे?

कथेतला वाद अधिकाराचा आहे. संन्याशाच्या मुलांना वेदाचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न. त्यांना ते येईल की नाही, असे कोणी विचारतच नाही. विसाव्या शतकाने हा क्रम उलटा केला. अधिकार सर्वांना, असे शिक्षणाने जाहीर केले आणि लगोलग ‘कुवत’ नावाचा नवा दरवाजा उभा राहिला.

गंमत अशी, की तो दरवाजा बांधणाऱ्याचा हेतू निराळा होता. पॅरिसच्या शाळांत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये आपली चाचणी तयार केली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे, या मताला त्यांनी १९०९ च्या पुस्तकात स्पष्ट विरोध केला. परंतु चाचणी अटलांटिक ओलांडून गेली आणि १९१६ मध्ये टर्मन यांच्या हाती तिचे रूप पालटले. मुलाच्या अडचणीचा शोध मागे पडला, मुलाचा अंक पुढे आला.

मराठी मुलांपर्यंत ती पोहोचली ती व्ही. व्ही. कामत यांच्यामुळे. धारवाडकडे काम करताना त्यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या श्रेणीची आवृत्ती सिद्ध केली. १९४० मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. या परिश्रमाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परक्या मुलांसाठी रचलेले प्रश्न इथल्या मुलांना जसेच्या तसे विचारता येणार नाहीत, हे ओळखणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पण भाषा बदलली म्हणजे प्रश्न बदलला का?

एक उदाहरण घेऊ. बिनेच्या १९०८ च्या श्रेणीत वस्तूची व्याख्या तिच्या उपयोगावरून करणे ही सहाव्या वर्षाची पायरी. उपयोगापलीकडे जाऊन ती कोणत्या जातीची हे सांगणे ही नवव्या वर्षाची. आता समजा, आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या एखाद्या महादेव कोळी मुलाला कोणी विचारले, ‘हिरडा म्हणजे काय?’ तो म्हणेल, ‘वाळवून विकतात.’ गुण सहाव्या वर्षाचे. शहरातला मुलगा म्हणेल, ‘एक औषधी फळ’. गुण नवव्या वर्षाचे, जरी त्याने हिरड्याचे झाड कधी पाहिले नसले तरी.

लुरिया यांना १९३१–३२ मध्ये उझबेकिस्तानात हेच आढळले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतले वेगळे काय, असे विचारल्यावर निरक्षर शेतकरी ओंडका बाजूला काढीत नसत. ओंडका नसेल तर करवत काय कापणार, असा त्यांचा रोख असे. लुरियांनी यात शाळा व साक्षरता यांचा परिणाम पाहिला. आम्हांला मात्र वाटते, की त्या उत्तरातही एक वर्गीकरण आहेच. परीक्षकाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही, एवढेच.

भारतात ही अडचण कोणाला दिसलीच नाही, असे नाही. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे, आकृत्या आणि चित्रांचे तुकडे यांवर आधारलेली कृतिचाचणी निरक्षर मुलांचाही विचार करून मांडली. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने पुढे गिलफर्ड यांच्या बहुविध क्षमतांच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. एका अंकाऐवजी अनेक क्षमता, ही निश्चितच मोठी सुटका होती. तरीही प्रश्न कोणी विचारायचा, हे कोणत्याच सिद्धान्ताने फारसे हलवले नाही.

पैठणच्या कथेत नेमके तेच हलते. रेड्याला ऋचांचा अर्थ कळला की नाही, याची कोणाला फिकीर नाही. तो बोलताच तपासणी होते ती विचारणाऱ्यांची.

आणि त्या डोंगरातल्या पोराने उलट आम्हांलाच विचारले, की बाळहिरडा झाडावरून केव्हा उतरवायचा आणि किती वाळला म्हणजे पुरे, तर आमचे मानसिक वय किती निघेल, याचा हिशेब आम्ही अजून केलेला नाही.