चार्जिंग किती दिवस टिकायचं?

मंडळी, कळमनुरीत बसून मोबाईलच्या बॅटरीचा इतिहास बघायचा, तर आपण सुरुवात भारनियमनापासून करू. 2005 नंतरची ती वर्षं आठवा. मराठवाड्यातल्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. त्या काळात अनेकांच्या खिशात होता 2003 साली आलेला नोकिया 1100. बॅटरी 850 मिलीअँपिअर-तासांची. कंपनीचा दावा काय, तर नुसता चालू ठेवला तर 400 तासांपर्यंत, म्हणजे सोळा दिवस. वर टॉर्चही होता.

आज साध्या स्मार्टफोनमध्येही 5000ची बॅटरी असते, जवळजवळ सहापट. तरी रात्री चार्जर शोधावाच लागतो. असं का? जुन्या फोनचा छोटा पडदा बहुतेक वेळ अंधारात असायचा. आजचा मोठा रंगीत पडदा, इंटरनेट, जीपीएस, सगळेच वीज खातात. 2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन हातातून सुटेना.

आणखी एक फरक आपण नोंदवायला हवा. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली 1991 साली. तेव्हाची असो की आजची, वापरली की ती झिजतेच. पण 1100चं झाकण आपण घरीच उघडायचो, नवी बीएल-5सी टाकायचो, की फोन पुन्हा चालू. आता बॅटरी आत चिकटवलेली असते. ती थकली की पुष्कळ लोक अख्खा फोनच बदलतात. म्हणून फोन घेताना बॅटरी किती मोठी एवढंच नको, ती बदलून कुठे आणि कितीला मिळेल, हेही विचारू या.